सॅक सर्वांत शेवटी घ्या, आधी वजनकाटा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तरुण मंडळी लांबच्या पायी मोहिमांच्या तयारीला लागतात. कुणी राजहंसगडावरून निघून महिपालगड, कलानिधीगड करत पारगडापर्यंत चालायचं ठरवतं, कुणी आंबोलीकडे वळतं, कुणी पुढच्या उन्हाळ्यात हिमालयात जायचं म्हणून आतापासून पैसे बाजूला टाकतं. या मंडळींच्या हातात सामानाची जी यादी पडते तिच्यात वस्तूंची नावं असतात, वजनं नसतात. ‘एक टॉर्च’ म्हटलं की ६० ग्रॅमची हेडटॉर्चही टॉर्च आणि रानात पाणी पाजायला नेतात ती अर्ध्या किलोची बॅटरीही टॉर्चच. ‘एक अंथरूण, एक पांघरूण’ यात तर दोन किलोंचा फरक सहज पडतो. अशा यादीवरून भरलेली सॅक १४ ते १६ किलोंवर जाते आणि तिसऱ्या दिवशी उतारावर गुडघे बोलू लागतात. ओझं कमी करायचं तर परदेशी कंपन्यांचं महागडं सामान घ्यावं लागतं, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो चुकीचा आहे, म्हणून हे पत्र.

पहिली खरेदी काट्याची. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. नेणार ती प्रत्येक वस्तू त्यावर ठेवावी आणि आकडा वहीत उतरवावा. पाकिटावर छापलेलं वजन धरू नये. तंबूच्या छापील वजनात खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी बऱ्याचदा धरलेल्या नसतात. अन्न, पाणी, इंधन आणि अंगावरचे कपडे सोडून पाठीवर जे राहतं त्याला ‘बेस वेट’ म्हणतात. ते १० पौंडांखाली, म्हणजे साधारण साडेचार किलोंखाली असेल तर त्याला अल्ट्रालाइट म्हणायची रीत अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पडली. हा आकडा म्हणजे केवळ एक सोयीचा गोल आकडा आहे. सह्याद्रीत हिवाळ्यात साडेचार-पाच किलो आणि हिमालयात साडेसहा-सात किलो हे आपल्यासाठी शहाणपणाचं माप.

वजनाचा मोठा वाटा तीन गोष्टींत असतो: सॅक, निवारा आणि झोपण्याचं सामान. टूथब्रशचा दांडा कापून पाच ग्रॅम वाचतात, इथे चार-चार किलो वाचतात. आणि या तिघांत सॅक सर्वांत शेवटी घ्यायची. बहुतेक जण उलट करतात: आधी ६५ लिटरची सॅक घेतात, मग ती रिकामी दिसते म्हणून भरतात. शिवाय अशी सॅक स्वतःच दोन किलोंची असते. बाकीचं सामान जमल्यावर ते एका खोक्यात रचून बघावं. हलक्या सामानाला ४० ते ४५ लिटर पुरतात. आत धातूची चौकट नसलेली या मापाची सॅक ७०० ग्रॅमपर्यंत मिळते. तिची मर्यादाही माहीत हवी. एकूण ओझं ९-१० किलोंवर गेलं की चौकट नसलेली सॅक मध्ये घडी पडून खाली बसते, कमरेचा पट्टा भार घेईनासा होतो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. फोमची मॅट चार घड्या करून पाठीच्या बाजूला सरकवली तर तीच चौकटीचं काम करते. सामान १२ किलोंखाली येतच नसेल तर चौकटीचीच सॅक घ्यावी. अशा वेळी हलकी सॅक घेणं म्हणजे खांद्यांना शिक्षा.

मॅटवरून सांगायचं तर, योगासनांची पीव्हीसीची मॅट किलोभर भरते आणि थंडी फारशी अडवत नाही. बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या फोमची १ सेंटिमीटर जाडीची मॅट, १८० बाय ५० सेंटिमीटर, २७० ग्रॅमच्या आसपास येते. डोक्यापासून कमरेखालपर्यंत, म्हणजे १२० सेंटिमीटर ठेवून बाकीची कापून टाकली तर १८० ग्रॅम उरते. पायांखाली रिकामी सॅक घालावी. हवा भरायची मॅट मऊ असते, पण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या खडकाच्या उघड्या पठारावर, किंवा करवंदीच्या काट्यांवर ती पहिल्याच रात्री बसण्याची भीती असते. आपल्या भागात फोमच बरी.

पांघरुणाबद्दल दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या भारानं दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो ऊब देत नाही. खालून ऊब देते ती मॅट. म्हणून तळ आणि डोक्याची टोपी काढून टाकलेलं ‘क्विल्ट’ म्हणजे रजईच वापरायची. त्यात पाव ते अर्धा किलो वाचतो. दुसरी गोष्ट पिसांची. पिसं वजनाच्या मानानं सर्वाधिक ऊब देतात खरी, पण भिजली की गोळा होऊन निकामी होतात. डिसेंबर-जानेवारीत खानापूरच्या जंगलपट्ट्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दवही भरपूर पडतं. इथे कृत्रिम भरणाची ७०० ग्रॅमची रजई पुरते, जोडीला अंगात फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचा हलका उबदार अंगरखा. घोंगडं भिजलं तरी ऊब देतं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यानं धनगरांना सांभाळलं आहे. पण ते दोन-अडीच किलोंचं, पाठीवर वाहायचं नव्हे.

निवाऱ्याच्या बाबतीत आपल्या भूगोलाचा विचार आधी हवा. दोघांचा घुमटी तंबू अडीच-तीन किलोंचा असतो. त्याऐवजी सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा ३ बाय ३ मीटरचा टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून बांधायचं सपाट छत, घेतला तर कापड साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दोऱ्या आणि खुंट्यांसह साडेसहाशे. चालायच्या काठ्या त्याचे खांब होतात. हे नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि मध्यरात्री टार्प पोटाशी लोंबतो. झोपण्यापूर्वी एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा दोऱ्या आवळाव्या लागतात. म्हणून दोरीला सरकगाठच मारावी. सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर इतकं ताणत नाही, वजन जवळपास तेवढंच. मिळालं तर तेच घ्यावं. डायनीमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं कापड सर्वांत हलकं, पण किंमत फार आणि काटेरी झुडपात भोक पडायला वेळ लागत नाही. पैसे कमी असतील तर बाजारातली साधी १२ बाय ९ फुटांची ताडपत्री सव्वा किलोच्या आसपास भरते. दोघांत वाटली की माणशी सहाशे ग्रॅम. हे परदेशी यादीत सापडणार नाही, पण हिशेब चोख आहे. जमिनीवर अंथरायला ५० मायक्रॉनचं २ बाय १ मीटर प्लास्टिक ९०-९५ ग्रॅमचं होतं.

चोर्ला, आंबोली किंवा तिळारीच्या वरच्या सड्यांवर खुंटी जमिनीत जातच नाही. जांभ्यावर ठोकलं की ॲल्युमिनियमची खुंटी वाकते. तिथे दोरीच्या टोकाला वीतभर काठी आडवी बांधावी, काठीच्या पुढे दोन दगड लावावेत आणि वर एक मोठा दगड ठेवावा. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर वाऱ्यानं घासून तुटते. आठ खुंट्यांऐवजी चार नेल्या तरी चालतं.

टार्प कुठे लावायचा याचंही भान हवं. खानापूर आणि चंदगडच्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, हत्तींचीही ये-जा आहे. भीमगड अभयारण्य कर्नाटकच्या वनखात्याकडे, तिळारीचं राखीव क्षेत्र महाराष्ट्राच्या. परवानगी दोन्हीकडची वेगळी घ्यावी लागते आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. मुक्काम गावातच करावा. देवळाची ओसरी किंवा शाळेची पडवी गावकऱ्यांना विचारून मिळते, आणि तसं आधीच ठरलं असेल तर टार्प दोघांत एक नेला तरी भागतं.

सॅक आणि टार्प शिवून घेणं आपल्याकडे सहज शक्य आहे. शहापूर-वडगावात कापड आणि शिलाई हा पिढीजात धंदा आहे. कसबी हात शोधायला लांब जावं लागत नाही. कारागिराला मात्र पाच गोष्टी निक्षून सांगाव्यात. सुती दोरा नको, तो ओलीनं कुजतो, पॉलिएस्टरचाच हवा. टाचण्या लावू नयेत, प्रत्येक टाचणीचं भोक गळतं. कपड्याचे चिमटे लावावेत. टाका साधारण ३ मिलिमीटरचा ठेवावा. टाके फार जवळ आले की कापड कागदासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. आणि दोन्ही कडा एकमेकींत दुमडलेली, जीनच्या पँटला असते तशी शिवण घालावी. पट्टे जिथे जोडले जातात तिथे चौकोन आणि त्यात फुली असा टाका हवा. सॅक फाटते ती नेहमी तिथेच. शिवून झाल्यावर शिवणी बंद कराव्या लागतात. सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनच चिकटतं: खिडक्यांना लावतात ते पारदर्शक सिलिकॉन रंगाच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रशनं लागेल इतकं पातळ करून शिवणीवर लावावं, एक दिवस वाळू द्यावं, मग टाल्कम पावडर भुरभुरावी म्हणजे घड्या चिकटत नाहीत. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडावर हे सिलिकॉन सोलून निघतं, त्याला पीयूचंच सीलर लागतं. कापड घेताना लेप कोणता हे विचारलं नाही तर सगळी मेहनत पहिल्या पावसात वाया जाते. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अपलाशियन ट्रेल एकट्या चालल्या, त्या घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी खांद्यावर टाकून. निवाऱ्याला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता.

पावसाबद्दल परदेशी सल्ले इथे सर्वांत जास्त फसतात. ‘श्वास घेणारी’ जॅकेटं कोरड्या थंड हवेत चालतात. आपल्या घाटातल्या दमट हवेत घाम बाहेर जायला जागाच नसते आणि माणूस आतून भिजतो. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबीही त्याच घाटमाथ्यावर. इथे सॅकवरून खाली येणारा पोंचो बरा. पूर्वीच्या खोळीचंच ते हलकं रूप. रानात झाडाखाली छत्री उत्तम, उघड्या सड्यावर वाऱ्यात निरुपयोगी. सॅकच्या बाहेरच्या रेनकव्हरवर विसंबू नये, पाठीच्या बाजूनं पाणी आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडावं. साखरेच्या पोत्यातली आतली पिशवी यासाठी चांगली. खताच्या पोत्यातली वापरायची तर दोनदा धुवावी आणि तिच्यात खाद्यपदार्थ सुटे ठेवू नयेत.

पायांतल्या वजनाकडे कुणी बघत नाही. पायातलं एक किलो पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकी शक्ती खातं. चामड्याचे उंच बूट जोडीला सव्वा-दीड किलो भरतात, जाळीचे धावण्याचे ट्रेल शूज ६००-७०० ग्रॅम. ओढा ओलांडताना जाळीचे बूट भिजतात आणि चालता चालता वाळतात. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरलं की ते दोन दिवस आतच राहतं आणि टाचा सोलतात. जळवांसाठी मोज्यात तंबाखूची पूड घालायची रीत आपल्याकडे आहे. पावसात ती धुऊन जाते, शिवाय ओल्या कातडीतून निकोटीन अंगात भिनून मळमळ आणि चक्कर येते. निपाणीकडे ओल्या पानांत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे ७०-८० ग्रॅमचे असतात, ते न्यावेत.

कपड्यांचा नियम सोपा: अंगावर एक जोड, झोपायला एक कोरडा जोड, एक फ्लीस, जास्तीचे मोजे. सुती टीशर्ट आणि जीन घरी ठेवा. भिजलेली जीन दिवसभर वाळत नाही आणि मांड्या घासून काढते.

आता अन्न. इथे आपण कुणाकडून काही शिकायची गरज नाही. लांबच्या वाटेला लागतं असं अन्न, म्हणजे कोरडं, टिकाऊ आणि वजनाला ताकदीचं, ते आपल्या घरांत आहेच. शेंगदाणे १०० ग्रॅमला ५७० कॅलरी देतात, तूप ९००, गूळ ३८०, पोहे ३५०. शिजलेला भात किंवा ताजी भाजी वाहणं म्हणजे पाणी वाहणं. एका दिवसाचा हिशेब असा: कडक भाकरी १५० ग्रॅम, शेंगाची चटणी ६०, भाजलेले शेंगदाणे १००, पोहे १२०, गूळ ६०, सत्तूचं पीठ ६०, दूध पावडर ४०, खजूर ५० आणि तूप ३०. एकूण ६७० ग्रॅम, कॅलरी २,९०० च्या आसपास. पोहे गार पाण्यात भिजतात, सत्तू कालवून पिता येतो. म्हणजे स्टोव्ह नेला नाही तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. कडक भाकरी पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये बांधली तर कमी मोडते, आणि मोडली तरी दुधात कुस्करून खाता येते. तिचा खरा शत्रू दमट हवा: मऊ पडली की दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून रोजची वेगळी, हवाबंद पुडी करावी. चटणीत खोबरं घालू नये, ते खवट होतं. लसूण कोरडा भाजूनच घालावा. पाच दिवसांचं अन्न एकदम वाहूही नये. जांबोटी, कणकुंबी, चंदगड अशा ठिकाणी दुकानं आहेत. तीन-तीन दिवसांचे टप्पे पाडले की पाठीवर दोनच किलो अन्न राहतं.

स्वयंपाक करायचाच असेल तर जर्मनचं लहान पातेलं पुरे, टायटॅनियमशिवाय काही अडत नाही. पेयाच्या रिकाम्या डब्यापासून केलेला स्पिरिटचा स्टोव्ह १५-२० ग्रॅमचा होतो आणि २५ मिलिलिटर स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळतं, वारा अडवला तर. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असताना तो रानात पेटवूच नये; कलंडला तर डोंगर पेटेल. गॅसचा कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, रेल्वेतही ज्वालाग्राही सामानाला मनाई आहे. हिमालयात जाणाऱ्यांनी तो तिथेच विकत घ्यावा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात सवलत नाही. स्टीलच्या थर्मास-बाटलीऐवजी साध्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या नेल्या की माणशी अर्ध्या किलोहून अधिक वाचतं. हातानं दाबून गाळायचा फिल्टर ८५ ग्रॅमच्या आसपास असतो; तो जिवाणू अडवतो, विषाणू नाही. गुरं जिथे पाण्यात उतरतात किंवा वर वस्ती आहे तिथे गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं.

पॉवर बँकेच्या १०,००० एमएएच या आकड्यावर भुलू नये. वोल्टेज बदलताना बरीच वीज वाया जाते, त्यामुळे मोबाइलची ५,००० एमएएचची बॅटरी दीड वेळेपेक्षा जास्त भरत नाही. जंगलपट्ट्यात रेंज जाते तेव्हा मोबाइल सिग्नल शोधत बॅटरी संपवतो, म्हणून फ्लाइट मोडवर ठेवावा, नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

सर्व मिळून पाठीवर साडेचार किलो, तीन दिवसांचं अन्न दोन किलो, पाणी दोन लिटर: साडेआठ किलो. पण वजन कमी करण्याच्या नादात काही गोष्टी काढल्या जातात, त्या काढू नयेत, हे आम्हांला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे. हेडटॉर्च आणि तिचे जास्तीचे सेल, शिट्टी, ओआरएसच्या चार पुड्या, क्रेप बँडेज, स्वतःची नेहमीची औषधं, कोरडा कपड्यांचा जोड. साप चावल्यावर किटमधलं काहीही उपयोगी पडत नाही. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, अवयव न हलवता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोहोचवावं. दंश टाळते ती रात्रीची टॉर्च आणि पायातला बूट. ‘अल्ट्रालाइट’ म्हणून यातलं काही मागे ठेवणाऱ्याचं ओझं प्रसंगी सोबत्यांना उचलावं लागतं.

हिमालयासाठी हीच यादी जशीच्या तशी नेऊ नये. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तिथे स्लीपिंग बॅगच्या लेबलवरचा ‘कम्फर्ट’ हा आकडा बघावा, ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ नव्हे; शेवटच्या आकड्यावर माणूस जेमतेम जिवंत राहतो, झोपत नाही. कोरड्या थंडीत पिसांची बॅग योग्य, टार्पऐवजी चारी बाजूंनी बंद होणारा तंबू हवा, फोमच्या दोन मॅट एकावर एक हव्यात. निव्वळ ब्युटेनचा गॅस गोठवणाऱ्या थंडीत नीट वायू होत नाही. प्रोपेन आणि आयसोब्युटेन मिसळलेला कॅनिस्टर मागावा. फिल्टरमध्ये राहिलेलं पाणी गोठलं की त्याच्या आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून रात्री तो पिशवीत बांधून अंथरुणात घ्यावा.

मोहिमा काढणाऱ्या मंडळांना आणि महाविद्यालयांना आपल्या दैनिकातून एवढीच विनंती पोहोचावी: यादीत नावापुढे वजनाचा रकाना छापा आणि प्रत्येक वस्तूला वरची मर्यादा घाला. निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळ्यांना भरलेल्या सॅकसह राजहंसगडापर्यंत चालवून आणा. पट्टा कुठे घासतो, बूट कुठे चावतो ते तिथेच समजेल आणि बदलायला वेळ राहील. परत आल्यावर सॅक रिकामी करताना तीन ढीग करायला सांगा: रोज वापरलेलं, एकदा वापरलेलं, न वापरलेलं. तिसऱ्या ढिगातून औषधं, टॉर्चचे सेल आणि शिट्टी उचलून पुन्हा सॅकमध्ये ठेवा. उरलेल्या ढिगाचं वजन करून ते यादीच्या मागच्या बाजूला लिहा, म्हणजे पुढच्या तुकडीला ते आयतं मिळेल.

आपले,
गिरिभ्रमण करणारे काही वाचक,
बेळगाव-खानापूर